वांशिक विनोदाला ‘दुटप्पीपणा’ हा शब्द बसतो का?

हॉलिवूडच्या विनोदी चित्रपटांविषयी एक वाक्य सारखं कानावर येतं: ‘काळ्यांनी गोऱ्यांची नक्कल केली तर विनोद, गोऱ्यांनी काळ्यांची केली तर वंशद्वेष, हा दुटप्पीपणा आहे.’ दाखला बहुतेकदा ‘व्हाइट चिक्स’चा (२००४). त्यात शॉन आणि मार्लन वेयन्स हे कृष्णवर्णीय भाऊ पांढरा मेकअप थापून श्रीमंत गोऱ्या बहिणी बनून वावरतात. इथे ‘दुटप्पीपणा’ चालेल का? आणि ‘ब्लॅकफेस’ला, म्हणजे गोऱ्या नटाने तोंड रंगवून काळा माणूस बनण्याला, मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद:
दुसऱ्या प्रश्नाचं आधी. कृपा करून ‘तोंड काळं करणे’ लिहू नका, वाचणारा भलतंच समजेल. ‘तोंडाला काळं फासणे’ही अडचणीचं. त्यात ज्याच्या तोंडाला फासतात त्याची बेअब्रू होते. इथे नट स्वतःच्याच तोंडाला फासतो आणि बेअब्रू तिसऱ्याची. ‘काळ्याचं सोंग’ बरं वाटतं, कारण सोंगात वेश, आवाज, चाल सगळं येतं. मी मात्र ‘ब्लॅकफेस’च ठेवतो.

प्रतिसाद:
दुटप्पी म्हणजे सारख्याच गोष्टीला दोन मापं लावणारा. मग आधी गोष्ट सारखी आहे का, हे बघायला नको? १८३० च्या सुमारास टॉमस राइस या गोऱ्या नटाने काळं फासून ‘जिम क्रो’ नावाचं पात्र नाचवलं. ते तुफान चाललं, आणि मिन्स्ट्रेल शो नावाचा अख्खा धंदाच उभा राहिला. त्यातला काळा माणूस ठरलेला: आळशी, बावळट, नाचगाण्यात खूश. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसांची खरेदी-विक्री चालू होती. पुढे काळ्यांना बसमध्येही मागे बसवणाऱ्या वंशभेदाच्या कायद्यांना नाव पडलं तेही ‘जिम क्रो कायदे’. एका विनोदी पात्राचं नाव! वेयन्स बंधूंच्या सोंगाने कुठल्या गोऱ्या बाईला बसमध्ये मागे बसावं लागलं?

प्रतिसाद:
मग ‘ट्रॉपिक थंडर’चं (२००८) काय? रॉबर्ट डाउनी ज्युनियर काळा झाला आणि वर ऑस्करचं नामांकन मिळवलं.

प्रतिसाद:
नक्कल कोणाची आणि खिल्ली कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तिथे खिल्ली आहे ती भूमिकेसाठी कातडीचा रंग बदलून घेणाऱ्या गोऱ्या नटाची; शेजारचं कृष्णवर्णीय पात्र त्याला सतत टोकतं. तरी ते कुणाला खटकलं तर मी वाद घालणार नाही.

खरा दुटप्पीपणा हवा असेल तर १९८६ साल घ्या. ‘सोल मॅन’मध्ये गोरा नायक शिष्यवृत्तीसाठी काळा होतो. त्यावर निषेध झाला, आणि योग्यच झाला. त्याच वर्षी ‘शॉर्ट सर्किट’मध्ये फिशर स्टीव्हन्स हा गोरा नट चेहरा सावळा करून, मोडकंतोडकं इंग्रजी बोलत भारतीय शास्त्रज्ञ झाला. तेवढी बोंब काही झाली नाही. उलट १९८८ च्या दुसऱ्या भागात तेच पात्र अधिक पुढे आलं. एकाच सालचे, एकाच प्रकारचे विनोद, आणि मापं दोन. इथे तो शब्द चपखल बसतो.

प्रतिसाद:
एक पुरवणी. ‘वांशिक विनोद’ आणि ‘वंशद्वेषी विनोद’ समानार्थी वापरू नयेत. पहिला वंशाविषयीचा, दुसरा द्वेषातून आलेला. ‘ब्लेझिंग सॅडल्स’मध्ये (१९७४) काळ्यांना दिलेल्या शिव्यांची खैरात आहे, पण हसं होतं ते शिव्या देणाऱ्यांचं, पटकथा लिहिणाऱ्यांत रिचर्ड प्रायर हा कृष्णवर्णीय विनोदवीरही होता. तो पहिल्या खणातला. मिन्स्ट्रेल दोन्हींतला.