मदत हवी आहे: ५१२ एमबीच्या व्हीपीएसवर मारियाडीबी सारखी बंद पडते

भाऊ लोकहो, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी गटाची कापूस-सोयाबीनच्या भावाची साइट एका स्वस्तातल्या व्हीपीएसवर (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) चालवतो, रॅम फक्त ५१२ एमबी. दिवसभर ठीक राहते पण संध्याकाळी बाजार समितीचे भाव टाकले की सगळे एकदमच उघडतात अन् मारियाडीबी (साइटचा डेटाबेस) बसते. सर्व्हिसच्या स्टेटसमध्ये 'किल्ड' दिसते, म्हणजे मेमरी संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) जास्त रॅम खाणाऱ्यालेच मारते, तेवढं समजलं. स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बनवली तर ती चालू करणारी स्वॅपऑन कमांड म्हणते 'ऑपरेशन नॉट परमिटेड', कारण हे ओपनव्हीझेड कंटेनर आहे, म्हणजे कर्नल आपला नाही, होस्ट मशीनचाच.

मारियाडीबीचा इनोडीबी बफर पूल (डेटा रॅममध्ये ठेवायची जागा) डिफॉल्ट १२८ एमबी असते, तो ६४ वर आणला तर चालन का? साइटचा पीएचपी कोड चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमचे मॅक्स चिल्ड्रन (एकावेळी जास्तीत जास्त प्रोसेस) किती ठेवू? का सरळ केव्हीएमवालाच (स्वतःचा कर्नल असणारा व्हीपीएस) घेऊ, तिथं स्वॅप तरी आपल्या हातात राहते?

अजून एक, लाइन गेली की टॉवरही जाते अन् एसएसएच (सर्व्हरशी दुरून जोडणी) तुटून अपडेट अर्धवट राहते, टीमक्समध्ये (सर्व्हरवरच सेशन उघडं ठेवणारा प्रोग्राम) चालवलं तर चालूच राहीन ना?

सध्या कापसाचा सिझन आहे, लोक भाव पाहूनच गाडी भरतात, साइट बंद राहून जमत नाही. एवढ्या रॅमवर कोणी चालवत असन तर आपलं कॉन्फिग टाका भाऊ.