मदत हवी आहे : डीएनएच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये ११२ बेसचा एक्झॉन दिसत नाही

नमस्कार. माझे शिक्षण सिग्नल प्रोसेसिंगमधले असून जनुकशास्त्र मी अलीकडेच वाचू लागलो आहे. त्यामुळे दोन्ही विषयांतील जाणकारांकडून मार्गदर्शन हवे आहे.

सरावासाठी मी सी. एलिगन्स या सूत्रकृमीच्या तिसऱ्या गुणसूत्रावरील एफ५६एफ११.४ हे जनुक घेतले आहे. त्याचा ८००० बेसचा (म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा अशा पद्धती तपासण्यासाठी बऱ्याच शोधनिबंधांत वापरला जातो आणि त्यातल्या पाच एक्झॉनच्या, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेल्या भागांच्या, जागा आधीच ठाऊक असल्यामुळे आलेले चित्र लगेच पडताळता येते. ए, सी, जी आणि टी यांच्यासाठी मी चार वेगळे ०-१ क्रम तयार केले, म्हणजे ज्या जागी तो बेस असेल तिथे १, नाहीतर ०. मग सरकत्या खिडकीने, म्हणजे एका वेळी ठरावीक लांबीचा भाग घेत, प्रत्येक क्रमाचे फूरिये रूपांतर काढून चारही रूपांतरांच्या परिमाणांच्या वर्गांची बेरीज केली; कोणत्या जागी कोणती वारंवारता किती तीव्र आहे हे दाखवणारे तिचे चित्र म्हणजे स्पेक्ट्रोग्राम. चार बेसना प्रत्येकी एक आकडा देण्याची ईआयआयपी (इलेक्ट्रॉन-आयन आंतरक्रिया विभव) पद्धत मी मुद्दामच टाळली, कारण तिच्यात सी ०.१३४० आणि टी ०.१३३५ असल्याने या दोघांतला फरक जवळजवळ पुसलाच जातो.

प्रथिनाची माहिती असलेल्या भागात कोडॉनच्या (तीन बेसच्या गटाच्या) तिन्ही स्थानांवर बेसचे प्रमाण सारखे नसते, म्हणून तिथे १/३ या वारंवारतेवर शिखर उमटते. खिडकी ३५१ बेसची ठेवली आहे; ती ३ च्या पटीत असल्याने शिखर फूरिये रूपांतराच्या नेमक्या ११७ व्या वारंवारता-घरात पडते. २५६ ची खिडकी घेतली तर ते ८५.३३ वर, म्हणजे दोन घरांच्या मध्ये येते आणि पसरते. ३५१ च्या खिडकीत शेवटचे चार एक्झॉन बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात.

अडचण पहिल्या एक्झॉनची आहे. तो फक्त ११२ बेसचा असल्याने मोठ्या खिडकीत दोन्ही बाजूंचा भाग मिसळून त्याचे शिखर विरून जाते, आणि खिडकी १२० पर्यंत आणली की इंट्रॉनमध्येही (एक्झॉनांच्या मधल्या, प्रथिनाची माहिती नसलेल्या भागांतही) तितकीच उंच शिखरे दिसू लागतात. वारंवारता १/३ वरच बांधून ठेवायची आणि गाउसियन आवरणाची रुंदी तेवढी बदलत न्यायची, अशी गॅबर वेव्हलेटची पद्धत इथे उपयोगी पडेल का? वेगवेगळ्या रुंदींचे निकाल एकत्र करताना नुसती बेरीज करावी, की आधी प्रत्येक रुंदीच्या पार्श्वभूमीने भागावे? मला दुसरा मार्ग योग्य वाटतो, पण पार्श्वभूमी कशावरून ठरवावी हे कळत नाही.

दुसरा प्रश्न चित्रातल्या एका पट्ट्याचा आहे. ए आणि टी यांच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये, विशेषतः इंट्रॉनच्या भागात, साधारण १० बेसच्या आवर्तनावर एक फिकट आडवा पट्टा दिसतो. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा एक वेढा सुमारे १०.५ बेसमध्ये पूर्ण होतो आणि एए-टीटी जोड्यांचे असे आवर्तन या कृमीच्या जीनोममध्ये आढळते, हे मी वाचले आहे. तरीही माझ्या चित्रातला पट्टा त्याचाच आहे, की एखाद्या छोट्या पुनरावृत्त तुकड्यामुळे उमटला आहे, हे कसे वेगळे करावे? क्रम यादृच्छिकपणे पिसून तुलना करायची झाल्यास शेजारच्या बेसच्या जोड्यांचे प्रमाण कायम ठेवून पिसावा, असे मला वाटते. परंतु संपूर्ण ८००० बेस एकदम पिसले तर ए-टीचे स्थानिक चढउतार नाहीसे होतात आणि लहान तुकड्यांत पिसले तर मूळ आवर्तनाचा काही अंश शिल्लक राहण्याची भीती वाटते. तुकडा किती लांबीचा घ्यावा?

उत्तर देताना आपण वापरलेल्या खिडकीचा आकार आणि लांबी, तसेच उंबरठा कशाच्या आधारे ठरवला हे लिहिल्यास मला ते याच जनुकावर चालवून पाहता येईल. गणना पायथनमध्ये करतो, त्यामुळे कोडचा लहानसा तुकडा दिला तरी खूप मदत होईल.