ऑपरेशननंतर करंगळी बधिर: दोष कुणाचा?

कोपरखळी
काकांचं हर्नियाचं ऑपरेशन उत्तम झालं, पण तिसऱ्या दिवसापासून डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट बधिर. घरात एकमत: "टेबलावर हात वेडावाकडा ठेवला असणार." मला पटत नाही. या बोटांना जाणारी अल्नर नस कोपरामागून जाते; कोपर दुमडलं की ती ताणली जाते. काकांना जुना मधुमेह. फोनवर बोलताना मुंग्या येतात म्हणून वर्षभर कान बदलत होते. हे त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

१९८७ साली अल्विन आणि शुरर या संशोधकांनी ऑपरेशन झालेले ६,५३८ रुग्ण पाहिले. १७ जणांना हाच त्रास झाला. त्यांपैकी १४ जणांचा दुसरा, धडधाकट वाटणारा हात तपासला, तर १२ जणांची तीही नस बिघडलेली निघाली. म्हणजे दुखणं बरेचदा आधीपासूनच असतं. 'मुंग्या येतात का, कुठल्या बोटांना?' एवढं तरी भूल देण्याआधी केस पेपरवर आलंच पाहिजे.

चाळीतला_वकील
वा! हॉस्पिटलच्या किती सोयीचं. "नस आधीच खराब होती" म्हणायला कुणाचं काय जातं? भूल दिलेला माणूस 'हात अवघडलाय' म्हणून सांगू शकत नाही. अमेरिकेत भूलतज्ज्ञांवरच्या दाव्यांचा आढावा १९९९ साली आला. त्यात नसेच्या इजेच्या दाव्यांत सर्वांत मोठा वाटा कोपराच्या याच अल्नर नसेचा, २८ टक्के. आणि नस नाजूक होती, तर जास्त जपायचं कुणी? रुग्णाने?

भूलवाली_ताई
दावे झाले म्हणजे चूक झाली असं नाही हो वकीलसाहेब. आम्ही हात ९० अंशांच्या पुढे पसरत नाही, तळवा वर ठेवतो, कोपराखाली गादी देतो. तरी होतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९९ साली ऑपरेशन झालेल्या १,५०२ रुग्णांवर लक्ष ठेवलं. सात जणांना त्रास झाला, पण पहिल्या दोन दिवसांत एकालाही नाही. त्यांनीच पुढे ऑपरेशन न झालेले, नुसते दाखल असलेले रुग्ण पाहिले, तर त्यांच्यातही तेच सापडलं. वॉर्डात माणसं कोपर दुमडून, हात पोटावर घेऊन तासन्‌तास पडतात, उठताना कोपरावरच भार देतात. प्रश्न विचारावेत, मान्य. पण सरसकट सगळ्यांच्या नसांची तपासणी मागू नका, खर्च रुग्णाच्याच बोडक्यावर बसेल.

चाळीतला_वकील
वॉर्ड काय हॉस्पिटलच्या बाहेर असतो? 'कोपरावर भार देऊ नका' हे एका तरी रुग्णाला सांगता का?

भूलवाली_ताई
सगळ्यांना नाही सांगत. सांगायला हवं.

फिजिओ_सोलापूर
भांडण सोडवायला ईएमजी आहे की, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून नसेची अवस्था पाहणारी तपासणी. नस तुटली-दबली तरी स्नायूत त्याच्या खुणा उमटायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात सुई लावली आणि खुणा दिसल्या, तर दुखणं ऑपरेशनच्या आधीचं. पण आमच्याकडे रुग्ण येतो दोन महिन्यांनी. तोवर अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस बसलेलं असतं, कागद चिमटीत धरायला सांगितला की अंगठा टोकाशी वाकतो, आणि नवं-जुनं काही वेगळं काढता येत नाही. काकांचा कितवा दिवस?

कोपरखळी
पाचवा. सर्जन म्हणाले, महिनाभर वाट पाहा.

फिजिओ_सोलापूर
व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या असतील. उद्याच न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, आणि दोन्ही हातांची तपासणी मागा.

चाळीतला_वकील
आणि रिपोर्टची मूळ प्रत स्वतःकडे ठेवा.