एचएचटीमध्ये लिव्हरचा डॉपलर कशासाठी?

एकांनी विचारलंय की आईला एचएचटी (रक्तवाहिन्या नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) आहे, सारखा घोळणा फुटतो, पण साध्या सोनोग्राफीत लिव्हर नॉर्मल आलं, मग डॉक्टर परत डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) का करायला सांगतायत. अहो, साध्या सोनोग्राफीत लिव्हरचा आकार नि पोत बघतात, इथे प्रॉब्लेम रक्तवाहिन्यांचा आहे. डॉपलरमध्ये हिपॅटिक आर्टरी, म्हणजे लिव्हरला रक्त नेणारी धमनी, किती जाड झालीय आणि तिच्यात रक्त किती वेगानं पळतंय ते कळतं, एरवी ती साधारण ४-५ मिमी असते, ७ च्या वर गेली की रेडिओलॉजिस्टचे कान टवकारतात. रेडिएशन नाही, खर्चही त्या मानाने कमी, म्हणून बहुतेकदा आधी तेच. फक्त करणारा अनुभवी हवा, हे मात्र खरंच फार महत्त्वाचं.

शंका राहिली तर मल्टिफेज सीटी, म्हणजे शिरेतून डाय देऊन वेगवेगळ्या टप्प्यांवर काढलेला सीटी स्कॅन. त्यात आर्टेरियल फेजमध्येच (डाय अजून धमन्यांत असतानाच) हिपॅटिक व्हेन, म्हणजे लिव्हरमधून रक्त बाहेर नेणारी शीर, उजळली तर समजायचं की रक्त लिव्हरच्या बारीक जाळ्यातून न जाता शॉर्टकट मारून थेट शिरेत जातंय. असे शॉर्टकट खूप झाले की हृदयावर लोड येतो, म्हणून दम लागत असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) पण करतात.

आणि हो, लिव्हरमध्ये गाठीसारखं काही दिसलं नि कुणी बायोप्सी (सुईनं तुकडा काढून तपासणी) करू म्हणालं तर आधी एचएचटी असल्याचं ठासून सांगा, रक्तस्रावाचा धोका असतो म्हणून ती शक्यतो टाळतात. बऱ्याच जणांना लिव्हरचा आयुष्यभर काहीच त्रास होत नाही, त्यामुळे रिपोर्टमध्ये काही निघालं तरी लगेच घाबरू नका.