वावर, महामार्ग आणि ट्रॅक, तिन्हींसाठी सहा लाखांत कोणती गाडी घ्यावी?

प्रश्न: कापूसपट्टा (पांढरकवडा परिसर)

नमस्कार मंडळी. आमचे गाव नागपूर–हैदराबाद महामार्गापासून बरेच आत आहे. गावापर्यंतचा रस्ता डांबरी असला तरी काळ्या जमिनीमुळे दर पावसाळ्यानंतर तो लाटांसारखा होतो, आणि वावरात जायचे तर पुढे पांदणच आहे. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवरील ट्रॅक डे (शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवण्याचा दिवस) मित्रासोबत पाहून आल्यापासून वर्षातून एक-दोन वेळा स्वतःच्या गाडीने ट्रॅकवर उतरण्याची फार इच्छा आहे. मात्र त्यासाठी वेगळी गाडी बाळगणे आम्हा कास्तकारांना परवडणारे नाही. त्यामुळे जी गाडी आईला यवतमाळला दवाखान्यात नेईल आणि मला बाजार समितीत पोहोचवेल, तीच ट्रॅकवरही न्यावी लागेल.

कापसाचे चुकारे हाती आल्यावर एकूण सहा लाख रुपये बाजूला काढता येतील. त्यात गाडी, टायर, ब्रेक आणि पहिल्या ट्रॅक डेचा खर्च, सगळेच बसवायचे आहे. सध्या तीन वापरलेल्या गाड्या नजरेत आहेत: 2019 ची स्विफ्ट पेट्रोल, 2017 ची पोलो जीटी टीएसआय (टर्बो पेट्रोल, डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आणि पुण्यात एक टियागो जेटीपी. सप्टेंबर 2025 मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्यामुळे वडिलांचे म्हणणे आहे की नवीच गाडी घ्यावी. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: तिसरा गिअर (अमरावती)

भाऊ, अश्वशक्ती पाहण्याआधी अंतराचा हिशेब करा. आपल्या भागातून श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टै येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किटपर्यंत सुमारे एक हजार किलोमीटर पडतात, कोइम्बतूर त्याहून लांब आहे, आणि ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किटही उत्तरेला साधारण तितकेच दूर आहे. गाडी ट्रेलरवर न्यायची नसल्यामुळे तुमच्यासाठी खरी कसोटी अशी आहे की ती हजार किलोमीटर जाईल, दिवसभर ट्रॅकवर मार खाईल आणि दुसऱ्या दिवशी त्याच टायरांवर, त्याच ब्रेकांवर घरी परत येईल. या कसोटीवर माझे मत स्विफ्टकडे झुकते, आणि तेही मॅन्युअल गिअरच्याच.

कारण वजन. तिसऱ्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट (फेब्रुवारी 2018 पासूनची) साधारण 855 ते 880 किलोची आहे, तर पोलो टीएसआय एक हजार किलोच्या वर जाते. हिशेबाला 900 किलोच धरले, तरी ताशी 140 वरून 70 किलोमीटरवर येताना ब्रेकांना सुमारे 510 किलोज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गिळावी लागते. म्हणजे एका वळणाआधीच्या त्या दोन-चार सेकंदांत पावणेदोन लिटर पाणी उकळीला आणता येईल इतकी उष्णता मुख्यतः पुढच्या दोन डिस्कांवर जमा होते. गाडी 1050 किलोची असेल तर हाच आकडा 595 होतो. आता मद्रासच्या 3.7 किलोमीटरच्या फेरीत बारा वळणे आहेत, तेव्हा हे चक्र किती वेळा फिरते ते तुम्हीच पाहा. अश्वशक्ती सरळ पट्ट्यावर दोन सेकंद मिळवून देते, पण वजन प्रत्येक वळणावर व्याज मागते.

म्हणूनच पहिला खर्च ब्रेक ऑइलचा करा, आणि तो सर्वात स्वस्तही आहे. डॉट 3 दर्जाचे नवे ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतील ओलावा शोषून जुने झाले की हीच मर्यादा 140 पर्यंत घसरते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155 आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल कसलाही विरोध न करता तळाला जाते. त्यामुळे निघण्यापूर्वी संपूर्ण ऑइल बदलून डॉट 4 भरावे. डॉट 5 मात्र सिलिकॉनचे असते. त्याचा क्रमांक मोठा दिसतो म्हणून कोणी भरू लागल्यास त्याचा हात धरावा.

टियागो जेटीपीबद्दल मोह होणे स्वाभाविक आहे. 114 पीएसची (म्हणजे जवळपास तितक्याच अश्वशक्तीची) टर्बो गाडी त्या किमतीत पुन्हा मिळाली नाही, परंतु ती 2018 ते 2020 एवढाच काळ विकली गेली आणि तिचे बंपर, स्प्रिंग यांसारखे खास भाग आता शोधावे लागतात. नव्या गाडीविषयी एवढेच म्हणेन की सगळे पैसे शोरूममध्येच संपतील आणि टायरांसाठी काहीही उरणार नाही. शिवाय 2024 पासूनच्या स्विफ्टमध्ये चारऐवजी तीन सिलिंडरचे इंजिन आहे. रोजच्या वापराला ते किफायतशीर असले तरी वरच्या आरपीएमला जुने चार सिलिंडरचे इंजिन अधिक मोकळेपणाने फिरते.

उत्तर: जामचौक गॅरेज (हिंगणघाटजवळ)

वरील मताशी मी सहमत आहे, पण माझे कारण वेगळे आहे. काळ्या जमिनीवरच्या रस्त्यांची गाडी माझ्याकडे येते तेव्हा बहुतेक वेळा सस्पेन्शनचे भाग गेलेले असतात: लोअर आर्मचे बुश फाटलेले असतात, लिंक रॉड वाजत असतो आणि शॉकअप गळत असतात. स्विफ्टचे हे सगळे सामान हिंगणघाट, वणी, पांढरकवडा असे कोठेही त्याच दिवशी मिळते. पोलोच्या सामानासाठी बहुधा नागपूरला फोन करावा लागतो. पोलोचे उत्पादन 2022 मध्ये थांबले असले तरी सामान बंद झालेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मात्र ऐन वेचणीच्या हंगामात गाडी आठवडाभर रॅम्पवर उभी ठेवणे तुम्हाला परवडेल का, याचा विचार करावा.

दुसरे म्हणजे डीएसजी. 2017 च्या त्या पोलोमधील सात गिअरच्या डीएसजीचा क्लच कोरडा असतो, म्हणजे त्याला थंड ठेवायला तेल नसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. त्यात पांदणीवर रेंगाळत गाडी चालवायची आणि पुन्हा ट्रॅकवर पिटायची, हे त्या गिअरबॉक्सकडून मागणे जरा जास्तच होते. पोलोच घ्यायची असेल तर 2020 नंतरची 1.0 टीएसआय मॅन्युअल पाहावी, परंतु ती सहा लाखांत टायर-ब्रेकांसह बसणे कठीण दिसते.

गाडी खाली करण्याचा, म्हणजे छोट्या स्प्रिंगा लावण्याचा विचार मनातूनच काढून टाका. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 163 मिलिमीटर आहे, आणि पांदणीवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा सध्याच बूड घासायला पुरेसा ठरतो.

उत्तर: वणीकर

येथे सगळे वजन आणि सामानाबद्दल बोलत आहेत, पण ही गाडी वर्षातले बहुतेक दिवस रस्त्यावर चालणार आहे याकडे दुर्लक्ष होऊ नये. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत स्विफ्टला 2018 मध्ये दोन तारे मिळाले आणि 2022 मध्ये, कडक झालेल्या निकषांवर, एकच. दोन एअरबॅगच्या पोलोला 2014 मध्ये चार तारे होते. जुन्या निकषांवरचे असले तरी ते चार होते. आपल्या रस्त्यांवर रात्री रोही (नीलगाय) आणि रानडुकरे कशी आडवी येतात ते सांगायला नको, आणि पांढरा पट्टा नसलेले गतिरोधक व विनादिव्याच्या कापसाच्या ट्रॉल्या त्यात वेगळ्याच. ट्रॅकवर धडक बसण्याची शक्यता मर्यादित असते, कारण तेथे सगळे एकाच दिशेने जातात आणि कडेला मोकळी जागा असते. आपल्या रस्त्यावर तसे काहीच नसते. मी असतो तर आणखी एक हंगाम थांबून पैसे जमवले असते आणि 1.0 टीएसआय मॅन्युअल पोलो घेतली असती.

कापूसपट्टा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. वणीकर दादांचा मुद्दा आईच्या दृष्टीने मलाही महत्त्वाचा वाटतो, परंतु पुढचा हंगाम कसा जाईल हे सोयाबीन आणि कापूस पिकवणाऱ्याने सांगू नये. तूर्त स्विफ्टच पाहतो आणि रात्रीचा प्रवास टाळतो. आता दोन शंका उरल्या आहेत. ट्रॅकवर काही झाले तर विमा मिळतो का? आणि एका मित्राचे म्हणणे आहे की समृद्धी महामार्ग वर्ध्यापासून हाकेच्या अंतरावर असताना हजार किलोमीटर जाण्याची गरजच काय. त्याला काय सांगावे?

उत्तर: कलम व कागद (यवतमाळ)

आपल्याकडील मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांचा वापर वगळलेला असतो. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे असा युक्तिवाद करता येतो, पण दाव्याच्या वेळी त्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. ट्रॅकवर झालेले नुकसान आपल्याच खिशातून भरायचे आहे असे धरूनच उतरावे. आणि म्हणूनच, जी गाडी मोडली तर घर अडचणीत येईल अशी महागडी गाडी ट्रॅकवर नेऊ नये. कर्ज काढून घेतलेली गाडी तर मुळीच नेऊ नये.

समृद्धीची सूचना करणाऱ्या तुमच्या मित्राला मोटार वाहन कायद्याचे कलम 189 दाखवावे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे यासाठी पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. समृद्धीवर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी त्या सरळसोट रस्त्यावर अॅक्सिलरेटर दाबून धरण्यापलीकडे शिकण्यासारखे काय आहे? ब्रेक कोठे सोडायचा आणि गाडीचे वजन पुढच्या चाकांवर कसे ठेवायचे, हे सगळे वळणावर समजते.

फेरबदलांबद्दलही थोडे सांगतो. कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि त्याच मापाचे चांगले टायर यांना कोणाची हरकत नसते. कर्कश सायलेन्सर लावाल तर पांढरकवड्याच्या चौकातच अडवले जाल.

उत्तर: तिसरा गिअर (अमरावती)

स्विफ्ट ठरलीच असेल तर पाहताना एवढे करा. डिस्कच्या कडेवरून नख फिरवा. कडेला उंच धार लागत असेल तर डिस्क झिजली आहे, आणि किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. पुढच्या टायरांची फक्त बाहेरची कड गुळगुळीत झाली असेल तर अलाइनमेंट बिघडले आहे, किंवा विकणारा गृहस्थ तुमच्याच विचारांचा आहे. शक्यतो झेडएक्सआय मॉडेल पाहा, कारण त्यात 185/65 आर 15 टायर कंपनीकडूनच येतात. खालच्या मॉडेलचे 165/80 आर 14 वळणावर फार लवकर कुरकुरू लागतात. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) 2018 पासून सर्व मॉडेलांत आहे.

पहिल्या ट्रॅक डेला इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत असू द्या, कारण लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकते. जॅक, स्टेपनी, पाण्याच्या बाटल्या आणि पायाखालची मॅट बाहेर काढून ठेवा. चार-पाच फेऱ्यांनंतर एक फेरी ब्रेक न दाबता, सावकाश मारून गाडी थंड करा, आणि बाहेर आल्यावर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये उभी करा. टायर तापले की हवा पाच-सहा पौंडांनी सहज वाढते; तेथे ती कमी केलीत तर परतीच्या महामार्गाला लागण्यापूर्वी थंड टायरमध्ये पुन्हा बरोबर भरा, आणि त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप सोबत असू द्या. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने धावणारा असेल तर डावीकडचा पुढचा टायर सर्वाधिक झिजतो. परतल्यावर त्याची जागा बदलून घ्या. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचे, बूट पातळ तळाचे आणि अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे असावेत.

गाडी पाहायला जाल तेव्हा जामचौकवाल्या भाऊंना सोबत न्या. रॅम्पवर चढवून बुश आणि लिंक रॉड पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.