तापानंतर काय द्यायचं? बी विंगच्या ग्रुपवर पेजेचा वाद

अनिकेत (५०२): नमस्कार मंडळी. प्राचीचा ताप कालपासून उतरलाय, पण तोंडाला चव नाही. उपमा बघूनच नको म्हणते. डॉक्टर म्हणाले हलकं द्या. मऊ भाताशिवाय काय करता येईल? करणारा मी आहे, त्या बेताने सांगा.

नाईक काका (१०१): पेज दे. उकडे तांदूळ आहेत का घरात? नसतील तर खाली ये, देतो. मूठभर धुऊन घे, भरपूर पाणी, मंद गॅस, झाकण अर्धवट. तासभर तरी लागेल. शीत बोटात धरून दाबलं की चुरडलं पाहिजे, पण पातेल्यात अख्खं दिसलं पाहिजे. मीठ शेवटी. कुकरला लावू नकोस.

सुषमा काकू (३०४): अहो काका, घरात आजारी माणूस असताना अनिकेतला तासभर गॅसपाशी कुठे उभं करता! अनिकेत, अर्धी वाटी आंबेमोहोर, दोन चमचे मूगडाळ, चार वाट्या पाणी, हिंग, चार-पाच शिट्ट्या. डावाने घोटायचं, वर साजूक तूप आणि मेतकूट. मुलं, म्हातारे, आजारी, सगळ्यांना चालतं.

नाईक काका: घोटलं की लापशी झाली. पेजेत पाणी वेगळं, शीत वेगळं. आणि आमच्या गोव्यात पेज काही आजाऱ्याचं जेवण नव्हे. सकाळी अकराच्या सुमाराला शेतातले सगळे पेजेला बसायचे. सोबत मिसकूट म्हणजे कैरीचं लोणचं, नाहीतर भाजलेला सुका बांगडा, नाहीतर आटवलेली कालची कडी, म्हणजे आमटी.

सेक्रेटरी: सूचना: टाकी साफसफाईमुळे आज दुपारी २ ते ५ पाणी बंद राहील.

सुषमा काकू: अनिकेत, काकांची पेज करणार असशील तर आधी हंडा भरून ठेव 😄

विजया मामी (४०१): अनिकेत कण्णा, आमच्या तमिळ घरातही उकड्या तांदळाचीच कंजी, म्हणजे पेजच. पण तांदूळ आधी कोरडा भाजायचा, मिक्सरला रव्यासारखा फिरवायचा, मग शिजवायचा. वेळ निम्मा. जिरं आणि लसूण ठेचून त्यातच टाक. वर विस्तवावर भाजलेला अप्पळम, म्हणजे पापड. आणि खरं औषध नारतंगाई! महाळुंगासारखं मोठं लिंबू असतं, मीठ भरून उन्हात वाळवतात. काळं पडतं. नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला की तापाची कडू चव जाते. माझ्याकडे बरणी आहे. कंजी दोन दिवस झाली की मग मिरी-जिऱ्याचा वेण पोंगल, म्हणजे तांदूळ-मूगडाळीची मऊ खिचडी, तूप सढळ हाताने.

रम्या (२०४): मामी 👍 केरळात तर आता कर्किडकम महिना चालू आहे, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. भर पावसाचा महिना. ञवरा नावाचा औषधी तांदूळ, मेथी, जिरं, औषधी पाला, नारळाचं दूध घालून कंजी करतात. आजी फणसाच्या पानाचा द्रोण करून त्याला माडाच्या हिराची काडी टोचायची, तोच चमचा. स्टीलच्या चमच्याने ओठ भाजतात, पानाने नाही.

केतकी (६०१): ओसाकात मला फ्लू झाला तेव्हा शेजारच्या आजींनी ओकायू, म्हणजे जपानी पेज, आणून दिली होती. तिथे मापं ठरलेली. तांदळाच्या पाचपट पाणी म्हणजे दाट, दहापट म्हणजे पातळ. दवाखान्यातही पातळवरून हळूहळू दाटवर नेतात. राइस कुकरच्या भांड्यात आत ओकायूची वेगळी रेघ असते! वर एक उमेबोशी, खारवलेलं आंबट फळ. ७ जानेवारीला सात पाल्यांची पेज करतात, नवीन वर्षाचं जड खाऊन झालं की पोटाला आराम.

अनिकेत: म्हणजे मिसकूट, नारतंगाई, उमेबोशी... पेज सगळीकडे अळणी आणि कडेला काहीतरी खारट-आंबट?

मामी: बरोबर! पेज पोटासाठी, लोणचं जिभेसाठी.

देशपांडे (७०३): काका-काकूंचा वाद सिंगापूरलाही आहे बरं. लेकीकडे गेलो तेव्हा दोन्ही खाल्लं. तिथल्या चिनी लोकांपैकी तिओच्यू लोकांची पेज नाईकांसारखी, दाणा अख्खा, पाणी वेगळं. सोबत खारवलेलं अंडं, मोहरीच्या पाल्याचं लोणचं, छोट्या छोट्या ताटल्या. कॅन्टोनीज लोक मात्र दाणा विरघळेपर्यंत शिजवतात, पार काकूंच्या वरताण.

नाईक काका: मी तिओच्यू.

सुषमा काकू: आणि मी कॅन्टोनीज, कुकरवाली.

वानखडे (२०२): तांदूळ तांदूळ काय लावलंय? आमच्या विदर्भात ज्वारीच्या कण्या. ताक घालून, वरून लसणाची फोडणी. दोन वाट्यांत माणूस उभा राहतो.

रानडे आजोबा (१०३): मला डायबेटिस आहे. पेज चालेल का?

डॉ. मेघना (५०४): आजोबा, तांदूळ जितका मऊ तितकी साखर भरभर वाढते. वाटीभरच घ्या, डाळ घालून. वानखडेंच्या कण्याही एकदम भरपूर नको. आणि लोणच्यांची चर्चा तुमच्यासाठी नाही, बीपीची गोळी चालू आहे. अनिकेत, प्राचीला पाणी-सरबतही देत राहा. ताप परत आला तर फोन कर.

अनिकेत: अपडेट. काकांचे तांदूळ, मामींची भाजून-दळून पद्धत, गॅसवरच केली. थोडी खाली लागली. प्राचीने वाटीभर खाल्ली, नारतंगाई दोनदा मागितली.

नाईक काका: दळलेस तांदूळ? माझे?

मामी: अनिकेत, जास्त देऊ नको, फार खारट आहे. उद्या सकाळी पोंगल पाठवते. डबा परत करताना रिकामा चालेल, फक्त झाकण विसरू नको. मागच्या वेळचं अजून तुझ्याकडेच आहे.