मदत हवी आहे: इंदुरात हातशिलाईच्या चामडेकामासाठी चामडं, हत्यारं, दोरा कुठे शोधावा?

दाभण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची, सुदामा नगरात राहते. कापडी पिशव्या आणि पर्सेस वीस वर्षं शिवते आहे, चामड्याला मात्र याच वर्षी हात लावला. निमित्त बाबांच्या चष्म्याच्या घराचं. बाबा मालवा मिलमध्ये हिशेब खात्यात होते तेव्हा, १९७२ साली घेतलेलं हे घर. जाडसर, तांबूस तपकिरी चामडं. वरून येणारी झडप आणि तिची जीभ पुढच्या पट्टीत खोचायची. बटण नाही, चेन नाही. चष्मा काढून ठेवला तरी घराचा फुगीर आकार तसाच राहतो. कडा तर अशा की दोन थर कुठे जुळले ते नखालाही कळत नाही.

आता दोन्ही बाजूंची शिवण उसवली आहे आणि झडप वळते तिथे चामडं तडकलं आहे. राजवाड्याजवळ बसणाऱ्या मोचीदादांना दाखवलं. ते म्हणाले, शिवून देतो, पण तडकलेलं टिकणार नाही. नवं घर आजवर तीनदा आणून दिलं. तिन्ही कपाटात पडून आहेत. बाबा जुन्यालाच रबरबँड लावून वापरतात. म्हणून ठरवलं की हुबेहूब तसंच आपण करायचं.

काय काय करून पाहिलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला अंदाज येईल.

पहिलं चामडं सोफ्याचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणलं. दुकानदार म्हणाला, "दीदी, प्योर लेदर है," आणि ते खरंही असावं, कारण मागची बाजू लवदार आहे, वासही चामड्याचाच आहे. जाडी साधारण १.२ मिलिमीटर, स्पर्श मऊ. पण कडेला काही केल्या चमक येईना. सँडपेपर फिरवला, मधमाशीचं मेण लावलं, लाकडी लाटण्यानं अर्धा तास घासलं. कड पिंजलेल्या कापसासारखी फुलते. मग वाटलं निदान आकार तरी देऊ. रात्रभर भिजवून लाकडी ठोकळ्यावर ताणून बांधलं, दोन दिवस सावलीत वाळवलं. सोडल्यावर पुन्हा सपाट.

दुसरं चामडं ऑनलाइन मागवलं. चित्रात सुंदर होतं. कापलं तर आत विणलेलं कापड आणि वर प्लास्टिकचा थर! पैसे परत मिळाले नाहीत.

हत्यारांचंही असंच. सियागंज बाजारातून फिरत्या चकतीचा पंच आणला, त्याची सगळ्यात बारीक भोकंसुद्धा गोल आणि मोठी पडतात. शिवण बुटाच्या नाडीसारखी दिसते. मोचीदादांनी त्यांची आरी हातात दिली होती, पण तिच्या टोकाला आकडा आहे, त्यानं दोरा ओढून कसा काढायचा ते मला जमलं नाही. शिलाईचा नायलॉन दोरा वापरला, तो गाठीतून निसटतो.

तर प्रश्न असे. बाबांच्या घराचं चामडं नेमक्या कोणत्या जातीचं असेल आणि दुकानात काय म्हणून मागायचं? मला लागणार दीड-दोन फूट, पूर्ण कातडं घेऊन मी काय करू? इंदुरात मिळेल की बाहेरूनच आणावं लागेल? आणि हत्यारांत आधी काय घ्यावं? एकूण खर्च ४,००० रुपयांपर्यंत झेपेल. म्हशीचं किंवा बकरीचं चामडं चालेल, गाईचं घरात नको.

---

चामडेछंदी, पुणे

ताई, तुमच्या हातात काही दोष नाही. तुम्ही लिहिलेली दोन्ही लक्षणं, कड फुलणं आणि भिजवूनही आकार न धरणं, क्रोमच्या चामड्याची आहेत.

कातडं कमावण्याच्या दोन मुख्य रीती. एक क्रोमियमच्या क्षारानं. त्यात काम झटपट होतं, चामडं मऊ राहतं, रंग नीट बसतो. आज जगातलं बहुतेक चामडं असंच कमावलेलं असतं. सोफा, बूट, जॅकेट, पर्स सगळं त्यातच आलं. दुसरी जुनी रीत साल-फळांच्या टॅनिननं, म्हणजे आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. त्याला आठवडे लागतात. हे चामडं घट्ट असतं, पाणी पितं, ओलं असताना ज्या आकारात वाळवाल तो आकार धरून बसतं. त्याची कड ओलसर करून घासली की तंतू दबून एकजीव होतात आणि काचेसारखी चमक येते. वर्णनावरून बाबांचं घर याच चामड्याचं आहे.

खात्री करायची असेल तर सोफ्याच्या चामड्याची बोटभर पट्टी उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका. सालीनं कमावलेलं चामडं आक्रसून, गुंडाळून लाकडासारखं कडक होतं. क्रोमचं जवळपास होतं तसं राहतं. ताज्या कापलेल्या कडेत मधोमध निळसर राखाडी रेघ दिसली तर तेही क्रोमच; पण रंग आरपार गेला असेल तर ती दिसत नाही, म्हणून एवढ्यावर विसंबू नका. कुणी जाळून बघायला सांगेल. घरात क्रोमचं चामडं जाळू नका, तो धूर चांगला नाही.

दुकानात "व्हेज टॅन" किंवा "बार्क टॅन" म्हणून मागा. नुसतं "व्हेज" म्हटलंत तर "व्हीगन लेदर" पुढे येण्याची शक्यता आहे, आणि ते बहुधा प्लास्टिकच असतं. आकार द्यायच्या घराला १.६ ते २ मिलिमीटर जाडी घ्या. पट्ट्याचं चामडं ३.५-४ मिलिमीटरचं असतं, तुमच्या झडपेला ते वळणार नाही. आणि पोटाकडचा भाग घेऊ नका, तो वेडावाकडा ताणला जातो. पाठीचा घ्या.

---

मु. पो. ग्वाल्हेर

मी बॅगा दुरुस्त करतो, सामान आग्र्याहून आणतो. आमच्याकडून १२० किलोमीटर, तुमच्याकडून मालवा एक्सप्रेस थेट जाते. हींग की मंडीत बुटांच्या धंद्याला लागणारं सगळं एका ठिकाणी आहे: मेणाचा दोरा, सुया, फरमे, सोल्युशन (चामडं चिकटवायचा डिंक), बकल, रिव्हेट. किरकोळ सामानाला तिथे "ग्राइंडरी" म्हणतात, तसं विचारलं की लगेच योग्य गल्ली दाखवतात. चामडं मात्र तिथेही जास्त करून क्रोमचं, बुटाच्या वरच्या भागाचं. घोड्याच्या खोगिरासाठी सालीनं कमावलेलं म्हशीचं चामडं कानपूरकडून येतं, जाजमऊच्या टॅनरीतून. ते विचारा, तुमची म्हशीची अटही त्यात बसते. पण जाड येतं, तेव्हा स्प्लिटिंग मशीनवर २ मिलिमीटरपर्यंत उतरवून मागा. हातानं एवढं सोलायला जाऊ नका, सपाट येत नाही.

एक सवय लावून घ्या. चामड्याच्या बाजारात "फूट" म्हणजे चौरस फूट. कातड्याच्या मागे आकडा लिहिलेला असतो, १२ आणि त्याच्या डोक्यावर छोटा २ असेल तर साडेबारा फूट. डोक्यावरचा आकडा पाव-पाव फुटाचा.

---

शेतावरची, कोल्हापूर

आमच्या चपलांचं चामडं सालीचंच असतं, पण तळाचं फार जाड आणि कडक. चष्म्याच्या घराला नको. सॅम्पल म्हणून हात बसवायला तुकडे चालतील.

---

छावणीकर, इंदूर

ताई, बाहेर जायच्या आधी शहरातच काय मिळतं ते सांगतो. मी दहा वर्षं पट्टे आणि चाकूची म्यानं करतो आहे.

चामडं सोडून बाकी पुष्कळ काही इथेच जमतं. तिरकी, चपटी भोकं पाडणारा काटा हवा, त्याला स्टिचिंग चिझल म्हणतात. हा मात्र ऑनलाइनच घ्या, दातांमधलं अंतर ४ मिलिमीटरचा. एक दोन दातांचा आणि एक चार किंवा सहा दातांचा: मोठा सरळ रेषेला, दोन दातांचा वळणाला. तुमच्या शिवणीचा चेहरामोहरा या एका हत्यारानं बदलेल, बजेटचा मोठा वाटा त्यावर गेला तरी जाऊ द्या. तो लोखंडी हातोडीनं ठोकू नका, लाकडी मोगरी वापरा. खाली स्वयंपाकघरातला जाड प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड आणि त्याखाली फरशीवाल्याकडचा ग्रॅनाइटचा तुकडा. फरशीवाले असे तुकडे बहुधा फुकट देतात.

कापायला मोचीची रापी घ्या, महागडा चाकू नको. जुन्या पट्ट्याच्या मागच्या बाजूला पॉलिशची हिरवी वडी चोळा आणि रापी त्यावर रोज दहा-वीस वेळा ओढा. बोथट रापीनं चामडं फाटतं आणि हातही कापतो, धार असली की नुसती सरकते.

आकड्याची आरी विसरा. मोचीदादांची ती शिवण वेगळी: आरी आरपार घालून आकड्यात दोरा अडकवून वर ओढायचा. तुम्हाला हवी आहे दोन सुयांची शिवण. एकच दोरा, दोन टोकांना दोन बोथट सुया, दोन्ही सुया एकाच भोकातून विरुद्ध बाजूंनी जातात. एका ठिकाणी दोरा तुटला तरी बाकीची शिवण सुटत नाही. बाबांच्या घराची शिवण भिंगाखाली बघा, दोन्हीकडे सारखीच दिसेल. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्या, वर वीतभर जास्त. ०.८ मिलिमीटरचा मेण लावलेला पॉलिस्टर दोरा. शेवटी दोन-तीन टाके उलटे घेऊन टोकं जेमतेम वितळवली की निसटत नाही.

आता कडेबद्दल. परदेशी व्हिडिओंमध्ये गम ट्रॅगाकांथची बाटली दाखवतात. तुम्ही सियागंजात किराण्याच्या दुकानातून गोंद कतीरा घ्या, उन्हाळ्यात सरबतात घालतो तोच. चमचाभर रात्रभर पाण्यात फुगवा, सकाळी घोटून पातळ करा. आधी ४०० नंबरचा, मग ६०० नंबरचा सँडपेपर, मग कतीऱ्याचा हलका हात, आणि जाड सुती कापडानं गरम होईपर्यंत घासा. मेण सगळ्यात शेवटी.

सोफ्याचं चामडं टाकून देऊ नका. क्रोमच्या चामड्याची कड मुडपून शिवतात: कडेला रापीनं पातळ करायचं, सोल्युशन लावून आत दुमडायचं. त्याची पर्स छान होईल.

आणि आपल्या गावची एक गोष्ट. इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे. तारेच्या सांगाड्यावर कागद भरून वर बकरी-मेंढीचं पातळ चामडं चढवलेले ते हत्ती-घोडे तुम्ही मृगनयनीत, म्हणजे सरकारी हस्तकलेच्या दुकानात, पाहिले असतील. ती कामं करणारे कारागीर अजून आहेत. एकदा जाऊन त्यांचे हात बघा. कानाच्या वळणावर, पायाच्या सांध्यावर चामडं ओढून बसवताना बोटं कशी चालतात ते व्हिडिओत कळत नाही. मी दोन दुपारी नुसता बसून होतो तिथे, आणि त्यानंतर माझी कामं सुधारली.

---

दाभण

सगळ्यांचे मनापासून आभार. महिन्याभरानं लिहिते आहे.

उकळत्या पाण्याची परीक्षा केली. सोफ्याची पट्टी जशीच्या तशी बाहेर आली. बाबांच्या घराच्या आतल्या बाजूनं, शिवणीच्या कडेची नखाएवढी चकती कापून तीही टाकली. ती क्षणात आक्रसून खडा झाली. बाबा शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "म्हणजे हे बाभळीचं." त्यांच्या लहानपणी गावात मोटेचं चामडं बाभळीच्या सालीत मुरत घातलेलं त्यांनी पाहिलं आहे. मग तासभर तेच बोलत होते.

भाची मुंबईत असते. तिनं धारावीतून व्हेज टॅन म्हशीचे २ मिलिमीटरचे दोन फूट आणले, पाठीचा भाग पारखून घेतला, आणि अवंतिका एक्सप्रेसनं येताना गुंडाळी करून आणली (घडी घालू नको म्हणून मी तिला तीनदा बजावलं होतं). ४ मिलिमीटरचे दोन काटे मागवले. रापी मोचीदादांनी त्यांच्याजवळची जुनी दिली, पैसे घेईनात, बळेच दिले.

कतीऱ्यानं कड चमकली. वाटीत हात बुडवताना विश्वास नव्हता, पण दहा मिनिटं घासल्यावर दोन थर एक झाले. शिवण अजून एकसारखी नाही, डावीकडून सुई घालताना प्रत्येक वेळी क्रम पाळला नाही तर टाका तिरका पडतो, हे मला पंधरा टाके उसवल्यावर समजलं.

पण दोन अडचणी आल्या. ओलं चामडं ठोकळ्यावर बसवताना कडेनं कागदाचे लोखंडी चिमटे लावले होते. वाळल्यावर प्रत्येक चिमट्याखाली काळा-निळा डाग, पुसला तरी जात नाही. आणि चष्मा आत जातो पण फार घट्ट.

---

चामडेछंदी, पुणे

डाग म्हणजे लोखंड आणि टॅनिन मिळून झालेली शाई आहे. या चामड्याला काळा रंग द्यायला आम्ही मुद्दाम व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस मुरवून वापरतो. लिंबाचा रस पाण्यात मिसळून कापसानं हलकेच लावून बघा, डाग बरेच फिके होतात. मग स्वच्छ ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळवा आणि तेलाचा अगदी पातळ हात द्या. पुढच्या वेळी लाकडी किंवा प्लास्टिकचे चिमटे. पाणीही कोमटच घ्या, गरम नको.

घट्ट झालं कारण ठोकळा चष्म्याच्या मापाचा घेतलात. चामडं वाळताना थोडं आत ओढतं, शिवाय अस्तरालाही जागा हवी. ठोकळा प्रत्येक बाजूनं २ मिलिमीटर वाढवा.

---

दाभण

लिंबानं डाग निम्म्यावर आले. ते घर आता माझ्या चष्म्याला ठेवलं आहे, माझा चष्मा लहान आहे.

सुताराकडून नवा ठोकळा आजच आला, रुंदी आणि जाडी दोन्ही ४ मिलिमीटरनं वाढवून, कोपरे गोल करून. चामड्यातलं सव्वा फुटाच्या वर शिल्लक आहे, एका घराला पुरेल. जीभ खोचायची पट्टी या वेळी आकार देण्याआधीच शिवून घेते आहे, नंतर आतून सुई फिरत नाही. रविवारी भिजत घालेन.

एवढंच विचारायचं राहिलं: आत बकरीच्या पातळ चामड्याचं अस्तर द्यायचं झालं तर ते आकार देण्याआधी चिकटवायचं की घर वाळल्यावर? आणि कोणत्या सोल्युशननं, म्हणजे ओलाव्यात सुटणार नाही?